फुकटचा उजेड: फ्लुओरोसन्स लाइफटाइम मोजताना बॅकग्राउंड कसं आवरायचं

एका नमुन्यात मला एकदा तीन लाइफटाइम, म्हणजे लेसरची पल्स गेल्यावर चमक विझायला लागणारे तीन वेगवेगळे सरासरी वेळ, मिळाले होते. ४.१ नॅनोसेकंदांचा मोठा, १.६ चा मधला आणि ०.०६ चा एक चिमुकला. काय-स्क्वेअर १.०४, रेसिड्युअल सरळ, म्हणजे फिट अगदी उत्तम. मधला लाइफटाइम म्हणजे रेणूचं दुसरं रूप, असं मी स्वतःला पटवलं आणि दोन आठवडे त्या रूपाचा पाठलाग केला. मग एका दुपारी, दुसरं काही काम नव्हतं म्हणून, नुसतं बफर भरून त्याच सेटिंगवर मोजलं. १.६ तसाच्या तसा हजर. रंगद्रव्याचा एक रेणूही आत नसताना.

चिमुकल्याचंही तेच निघालं. तो रेणूचा नव्हताच, फिल्टरमधून झिरपलेला लेसर होता.

टीसीएसपीसी, म्हणजे एकेक फोटॉन वेळेनुसार मोजायची पद्धत, इतकी संवेदनशील असते की तिला फोटॉन कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं. तो रंगद्रव्यातून येवो, काचेतून येवो की मॉनिटरच्या दिव्यातून. पल्सनंतर किती वेळानं फोटॉन आला याच्या हिस्टोग्रामच्या एखाद्या खान्यात एक काउंट वाढतो आणि फिटिंगचं सॉफ्टवेअर इमानदारीनं त्याला एखादा लाइफटाइम देऊन मोकळं होतं. त्यामुळे ‘बॅकग्राउंड वजा केलं’ या एका वाक्यावर माझा विश्वास नाही. बॅकग्राउंड नावाची एकच गोष्ट नसते. चार-पाच वेगवेगळे चोर असतात, प्रत्येकाची वाट वेगळी आणि प्रत्येकाचा बंदोबस्तही वेगळा. कोणता चोर आहे हे आधी ठरवायचं, मग दार बंद करायचं. वजाबाकी सगळ्यात शेवटी.

आधी चेहरे ओळखा

डिके, म्हणजे चमक विझतानाचा वक्र, नेहमी लॉग स्केलवर पाहा. साध्या स्केलवर सगळे डिके देखणे दिसतात. बॅकग्राउंड शेपटीत आणि पायथ्याशी लपतं, आणि ते दोन्ही भाग साध्या स्केलवर शून्याला चिकटलेले असतात.

पल्स यायच्या आधीच्या भागात आणि शेपटीच्या टोकाला सारख्याच उंचीची सपाट पट्टी दिसली, तर त्या काउंटना लेसरच्या वेळेशी नातं नाही. डार्क काउंट (अंधारातही डिटेक्टर स्वतःहून देतो ते), खोलीतला उजेड असा तो प्रकार. डिकेच्या अगदी सुरुवातीला टोकदार सुळका असेल आणि त्याची रुंदी आयआरएफइतकीच, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या प्रतिसादाइतकीच असेल, तर तो विखुरलेला प्रकाश: रेले (लेसरच्याच तरंगलांबीचा) किंवा रामन (द्रावकानं लाल बाजूला सरकवलेला). सुरुवातीला किंवा मधेच वक्राचा कल बदलत असेल तर आत आणखी काहीतरी स्वतःच्या लाइफटाइमनं चमकतंय. मुख्य शिखरानंतर काही अंतरावर छोटा उंचवटा दिसला तर कुठूनतरी परावर्तन होतंय. आणि पल्सच्या आधीची पट्टी सपाट नसून उतरती असेल, तर ते बॅकग्राउंड नाहीच. ती मागच्या पल्सची न संपलेली शेपटी आहे.

हे शेवटचं सर्वांत स्वस्तात सुटतं, म्हणून आधी तेच उरकू. ८० मेगाहर्ट्झच्या लेसरमध्ये दोन पल्समधलं अंतर फक्त १२.५ नॅनोसेकंद. ४ नॅनोसेकंदांचा लाइफटाइम असलेल्या रंगाचा सुमारे ४ टक्के उजेड तेवढ्या वेळात उरतोच आणि पुढच्या पल्सच्या पोटात शिरतो. अंतर लाइफटाइमच्या निदान पाचपट ठेवलं तर उरतो ०.७ टक्क्याच्या आसपास. लेसर २० किंवा १० मेगाहर्ट्झवर आणा. लेसरचा वेग बदलता येत नसेल, उदाहरणार्थ दोन-फोटॉनच्या सूक्ष्मदर्शकात, तर पुनरावृत्ती धरून फिट करणारं मॉडेल वापरा. त्या उतरत्या पट्टीची सरासरी काढून ती ‘बॅकग्राउंड’ म्हणून वजा करणं मात्र कधीच नको. त्यानं चांगला लाइफटाइम हकनाक आखूड होतो.

पाच आकडे

नवीन मांडणीवर बसलो की नमुना भरायच्या आधी मी पाच आकडे वहीत लिहितो. सगळे दर सेकंदाचे काउंट.

पहिला, डिटेक्टरच्या तोंडावर झाकण. दुसरा, झाकण काढलेलं, लेसर पूर्ण बंद. तिसरा, लेसर चालू पण वाटेत शटर. चौथा, शटर उघडं, क्युवेटमध्ये, म्हणजे नमुन्याच्या चौकोनी कुपीत, फक्त द्रावक. पाचवा, नमुना. समजा आकडे असे आले: १२०, ४८०, ४९०, ४,००० आणि २,००,०००. पहिला आकडा डिटेक्टरचा स्वतःचा. दुसऱ्यातून पहिला गेला की उरलेले ३६० खोलीतून आलेत, म्हणजे कुठेतरी फट आहे. तिसऱ्यात फारसा फरक नाही, हे चांगलं लक्षण. चौथ्यातले साडेतीन हजार द्रावक, काच आणि फिल्टर यांचे. ते नमुन्याच्या दोन टक्क्यांच्या आत आहेत. एका लाइफटाइमच्या मोजमापाला चालतील, पण ५ टक्के वाटा असलेला दुसरा लाइफटाइम शोधणार असाल तर मुळीच नाही.

तिसरा आकडा लोक गाळतात. मला तो हवा असतो, कारण पल्स देणाऱ्या डायोड लेसरचा ड्रायव्हर रेडिओ लहरी फेकतो आणि डिटेक्टरच्या तारेत त्या शिरल्या तर हिस्टोग्रामवर बारीक लाटा उठतात. शटर बंद असूनही लाटा दिसल्या तर चोर उजेडाचा नाही, विजेचा आहे. तारा लेसरच्या तारेपासून दूर न्या, अर्थिंग तपासा, डिस्क्रिमिनेटरची पातळी (जिच्याखालचे ठोके मोजले जात नाहीत) थोडी चढवा.

या पाचही ठिकाणी आकड्यासोबत हिस्टोग्रामही साठवा. नुसता आकडा किती ते सांगतो, आकार कोण ते सांगतो.

सपाट पट्टी

सपाट बॅकग्राउंडबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा उमगली: ते सिग्नलबरोबर वाढत नाही, घड्याळाबरोबर वाढतं.

हिशेब मांडून पाहू. लेसर २० मेगाहर्ट्झ, म्हणजे खिडकी ५० नॅनोसेकंदांची. तिचे ४,०९६ खाने, प्रत्येक सुमारे १२.२ पिकोसेकंदांचा. लाइफटाइम ४ नॅनोसेकंद. शिखरावर १०,००० काउंट हवेत, तर एकूण साधारण ३३ लाख काउंट गोळा करावे लागतात. सपाट बॅकग्राउंड सेकंदाला २०० धरू. नमुना फिका आहे आणि सेकंदाला साडेपाच हजारच काउंट येतात, तर १० मिनिटं बसावं लागेल. तेवढ्यात बॅकग्राउंडचे १,२०,००० काउंट जमतील, म्हणजे प्रत्येक खान्यात सुमारे २९. शिखरापासून २४ नॅनोसेकंदांवर खरा सिग्नल जवळपास २५ वर आलेला असतो. तिथून पुढची सगळी शेपटी बॅकग्राउंडची.

आता तोच नमुना, तोच डिटेक्टर, पण संकलनाची भिंगं नीट जुळवून, फिल्टर थोडा रुंद घेऊन, लेसर थोडा वाढवून सेकंदाला २ लाख काउंट मिळवले. ३३ लाखांना साडेसोळा सेकंद पुरतात. बॅकग्राउंडचे काउंट ३,३००, म्हणजे दर खान्यात एकसुद्धा नाही. डिटेक्टर थंड न करता बॅकग्राउंड छत्तीसपट खाली गेलं.

म्हणून सपाट पट्टीवरचा पहिला उपाय भिंगं जुळवणं. मर्यादा एकच: काउंटचा दर लेसरच्या वेगाच्या एका टक्क्याच्या आसपास थांबवा, म्हणजे २० मेगाहर्ट्झला २ लाख. त्याच्या बरंच पुढे गेलात तर पाइल-अप होतो. एका पल्समागे पहिलाच फोटॉन मोजला जातो, उशिराचे हरवतात आणि लाइफटाइम आखूड निघतो. काही आधुनिक यंत्रणा ५ टक्क्यांपर्यंत सोसतात, पण एक टक्का ही झोपेतही पाळावी अशी शिस्त आहे.

मग डिटेक्टरकडे वळा. फोटोमल्टिप्लायरचे डार्क काउंट थंड केल्यावर ठळकपणे उतरतात. लाल रंगाला जागणारा कॅथोड मुळातच जास्त बडबड्या असतो, त्यामुळे निळ्या-हिरव्या कामाला लाल डिटेक्टर जोडला असेल तर बदला. आणखी एक: फोटोमल्टिप्लायरला, अगदी व्होल्टेज बंद असतानाही, खोलीचा उजेड दाखवला की पुढे कित्येक तास त्याचे डार्क काउंट चढे राहतात. नमुना बदलताना झाकण उघडं राहिलं, आणि संध्याकाळी ‘आज डिटेक्टर बिघडलाय’ अशी ओरड, हे मी अनेकदा ऐकलंय. व्होल्टेज चालू असताना उजेड दाखवला तर मात्र तो खरोखरच बिघडतो.

फटी शोधायला खोलीत पूर्ण अंधार करा, काउंटचा आकडा मोठ्या अक्षरात पडद्यावर ठेवा, पडद्यावर जाड कापड टाका आणि छोटा टॉर्च घेऊन एकेका सांध्यावरून फिरवा. आकडा उसळला की फट सापडली. काळा दिसतो तो प्रत्येक कागद किंवा प्लास्टिक अपारदर्शक नसतो. डोळ्याला काळं वाटणारं काही प्लास्टिक जवळच्या अवरक्त उजेडाला आरपार सोडतं आणि सिलिकॉनचा डिटेक्टर तो उजेड मजेत पाहतो. ॲल्युमिनियमचा फॉइल आणि त्यावर काळं कापड, ही जोडी फसवत नाही. यंत्रांवरचे हिरवे-लाल मिणमिणते दिवे टेपनं झाका. मी एकदा तासभर शोधून शेवटी पॉवर मीटरच्या इवल्याशा दिव्यापाशी पोचलो होतो.

इतकं करूनही, नमुना असताना पल्सच्या आधीची पट्टी पाच आकड्यांतल्या तिसऱ्या आकड्यापेक्षा उंच दिसते? मग तो आफ्टरपल्सिंगचा प्रकार. डिटेक्टर एका खऱ्या फोटॉननंतर काही वेळानं एक खोटा ठोका देतो. हा ठोका पुष्कळ उशिरा येत असल्यानं, वेगानं येणाऱ्या पल्समध्ये पसरून सपाट दिसतो. पण तो सिग्नलच्या प्रमाणात वाढतो. दर दुप्पट केला आणि पट्टीही दुप्पट झाली, तर ओळख पटली. इथे टॉर्चही उपयोगाचा नाही आणि जास्त सिग्नलही नाही; हायब्रिड डिटेक्टर मिळाला तर उत्तम, कारण त्याचं आफ्टरपल्सिंग नगण्य असतं. नाहीतर फिटमध्ये स्थिर संख्या ठेवून पुढे जा.

सुरुवातीचा सुळका

विखुरलेला प्रकाश सपाट पट्टीहून घातकी. तो काळाच्या शून्यावर येतो, बरोबर तिथे जिथे तुमचे सगळ्यात जलद, सगळ्यात रंजक घटक असतात. शिवाय तो नुसती भर घालत नाही. पाइल-अपचा नियम आठवा: पल्समागे पहिला फोटॉनच मोजला जातो. लेसरचा फोटॉन नेहमी आधी पोचतो, म्हणजे सुळका मोठा असेल तर तो मागून येणाऱ्या खऱ्या फोटॉनची जागा खातो. खाल्लेला फोटॉन वजाबाकीनं परत येत नाही.

किती अडवावं लागतं? ०.१ मिलिवॉटच्या ४०५ नॅनोमीटर लेसरमधून सेकंदाला सुमारे २ लाख अब्ज फोटॉन निघतात. त्यातला दहा लाखांत एक जरी विखरून संकलनाच्या वाटेला लागला तरी ते २० कोटी. फिल्टरची ऑप्टिकल डेन्सिटी ३, म्हणजे हजारातला एकच आरपार, असेल तर त्यातले २ लाख आरपार जातील, म्हणजे तुमच्या पूर्ण सिग्नलइतके. डेन्सिटी ६ असेल तर २००. फिल्टर विकत घेताना ‘ब्लॉकिंग’चा आकडा का बघायचा, त्याचं उत्तर एवढंच.

पण डेन्सिटी ६ कागदावर असते ती सरळ पडणाऱ्या किरणांसाठी. इंटरफिअरन्स फिल्टरवर किरण तिरपे पडले की त्याची कड निळ्याकडे सरकते आणि लेसर कडेनं निसटतो. म्हणून फिल्टर नेहमी समांतर किरणांत लावा, भिंगानं गोळा होणाऱ्या शंकूत नको. रंगीत काचेचा फिल्टर वापरायचा तर तो इंटरफिअरन्स फिल्टरच्या मागे, डिटेक्टरच्या बाजूला. उलट लावला तर लेसर थेट रंगीत काचेवर पडतो आणि बऱ्याच रंगीत काचा स्वतःच चमकतात. मग सुळका जातो आणि त्याजागी एक अनोळखी लाइफटाइम येतो. दुखण्यापेक्षा औषध जड.

लेसरच्या बाजूलाही पाहा. पल्स डायोडमधून मुख्य रेषेबरोबर लांब तरंगलांबीचा फिकट पसारा येतो, आणि तो तुमच्या उत्सर्जन फिल्टरच्या खिडकीतच बसतो. त्याला कितीही डेन्सिटी अडवणार नाही, कारण फिल्टरच्या लेखी तो उजेड वैध आहे. नमुन्याच्या अलीकडे अरुंद बँडपास (ठरावीक पट्ट्यातलाच उजेड सोडणारा फिल्टर), ज्याला क्लीन-अप फिल्टर म्हणतात, तो लावा. एलईडी वापरत असाल तर तो अनिवार्यच समजा.

रामनचं गणित तोंडपाठ असावं. पाण्याचा मुख्य रामन पट्टा उत्तेजनापासून सुमारे ३,४०० प्रति सेंटीमीटर दूर असतो. १ कोटीला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीनं भागा, ३,४०० वजा करा, उत्तरानं पुन्हा १ कोटीला भागा. ३७५ वर उत्तेजित केलं तर रामन ४३० ला, ४०५ ला केलं तर ४७० ला, ४७० ला केलं तर ५५९ च्या आसपास. म्हणजे ४०५ च्या लेसरसोबत ४७० मध्यावर असलेला बँडपास लावणं म्हणजे रामनला आमंत्रण देऊन बोलावणं. बँडपास ५०० च्या पुढे सरकवा, थोडा सिग्नल गेला तरी जाऊ द्या. शंका असेल तर उत्तेजन बदलून वर्णपट घ्या: रामन सोबत सरकतो, फ्लुओरोसन्स जागेवर राहतो. इथेनॉलसारख्या सेंद्रिय द्रावकांत पट्टा कार्बन-हायड्रोजन बंधाचा, २,९०० च्या जवळ, गणित तेच.

नमुनाही विखुरतो. धूळ, गुठळ्या, न विरघळलेलं रंगद्रव्य. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळणं किंवा सेंट्रिफ्यूज करणं हा नेहमीचा मार्ग. खरोखर गढूळ नमुना असेल, जसं लिपिडच्या पुटिका, तर रेले विखुरणं बरंचसं ध्रुवित असतं याचा फायदा घ्या. उभ्या ध्रुवनानं उत्तेजन देऊन काटकोनात मोजताना, उत्सर्जनाच्या बाजूचा पोलरायझर आडवा केला की सुळका बराच दबतो. मात्र लाइफटाइमसाठी योग्य कोन ५४.७ अंशांचा, मॅजिक अँगल. तो सोडला की रेणूचं फिरणं डिकेत मिसळतं. त्यामुळे आडवा पोलरायझर मी निदानासाठी वापरतो, मोजमापासाठी नाही. अपवाद फक्त इतक्या लांब लाइफटाइमचा की रेणू तोवर कित्येकदा फिरून झालेला असतो.

आणि तरीही फिटमध्ये ५० पिकोसेकंदांचा घटक उरलाच, तर? तो खरा की सुळका, हे फिट सांगू शकत नाही. नमुना निम्मा पातळ करा. खरा घटक सोबत निम्मा होईल आणि त्याचा टक्का तसाच राहील. सुळका होता तेवढाच राहील, त्याचा टक्का वाढेल. मग उत्सर्जनाची तरंगलांबी २० नॅनोमीटरनं लाल बाजूला न्या. दोन्ही कसोट्यांवर टिकला तरच त्याला नाव द्या.

स्वतःहून चमकणाऱ्या गोष्टी

माझा तो १.६ नॅनोसेकंदांचा मधला लाइफटाइम इथला रहिवासी. बफर गाळायला वापरलेल्या सिरिंज फिल्टरमधून काहीतरी झिरपत होतं. पहिला मिलिलीटर टाकून दिला आणि दुसऱ्यापासून घेतलं, तर तो जवळजवळ नाहीसा झाला. धूळ काढायला आणलेल्या फिल्टरनंच घाण आणली होती.

अशा गोष्टींची यादी लांबते. ३५०-४०५ नॅनोमीटरच्या उत्तेजनाला तर जगच चमकतं. क्युवेट पुसायच्या साध्या टिशू पेपरात कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून घालतात तशी ब्राइटनर द्रव्यं असू शकतात. त्याचा एक धागा क्युवेटच्या भिंतीला चिकटला की निळा तारा उगवलाच. अतिनील टॉर्च हाताशी ठेवा आणि प्रत्येक वस्तू अंधारात एकदा त्याच्याखाली धरून पाहा. दहा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं कुठल्या पुस्तकातून कळणार नाही. हातमोजे, झाकणं, लेबलं, गोंद, भिंगाला लावलेलं इमर्शन तेल. तेल कमी चमकणाऱ्या प्रतीचं मिळतं, तेच घ्या. प्लास्टिकचे क्युवेट अतिनील कामाला बाद. साध्या काचेऐवजी कृत्रिम क्वार्ट्झ वापरा आणि क्युवेट प्रत्येक वेळी त्याच दिशेनं बसवा. चारही भिंती सारख्या नसतात, म्हणून एका कोपऱ्यावर खूण करून ठेवतो मी.

द्रावक स्पेक्ट्रोस्कोपी प्रतीचा घ्या आणि तरी बाटलीगणिक तपासा. उघडून वर्ष झालेल्या बाटलीवर मी विसंबत नाही. डिटर्जंटांत ट्रायटन एक्स-१०० अतिनील उत्तेजनाला चमकतो, कारण त्याच्या रेणूत बेंझिनचं कडं आहे. क्युवेट धुवायला वापरलेला साबण स्वच्छ निघाला नाही तर तोही चमकतो. शेवटचं खळबळणं ज्या द्रावकात मोजणार आहात त्याचंच करा.

पेशींचं प्रकरण आणखी चिवट. एनएडीएच, पेशीतला एक अंगभूत चमकणारा रेणू, मोकळा असताना सुमारे ०.४ नॅनोसेकंद, प्रथिनाला चिकटला की काही नॅनोसेकंद; फ्लेविनही त्याच पट्ट्यात. ही द्रव्यं धुऊन जात नाहीत, कारण ती पेशीचाच भाग आहेत. माध्यमातला फिनॉल रेड आणि रायबोफ्लेविन मात्र जातात: मोजण्याआधी पेशी स्वच्छ, रंगहीन बफरात घ्या. ग्लुटराल्डिहाइडनं स्थिर केलेले नमुने स्वतःच चमकू लागतात, त्यामुळे लाइफटाइमसाठी ते टाळलेले बरे. बाकी सर्वांत मोठा उपाय म्हणजे लाल बाजूचं रंगद्रव्य निवडणं. ६४० नॅनोमीटरला उत्तेजित होणारी पेशीची अंगभूत द्रव्यं फार थोडी.

मधेच आलेला उंचवटा

प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. एवढं माहीत असलं की परावर्तन शोधायला फूटपट्टी पुरते. मुख्य शिखरानंतर २ नॅनोसेकंदांवर उंचवटा आला, तर कुणीतरी ६० सेंटीमीटर जास्तीची वाट चाललंय, म्हणजे ३० सेंटीमीटर जाऊन तेवढंच परत. माझ्या मांडणीत डिटेक्टरपासून नेमका ३० सेंटीमीटरवर एक फिल्टर अगदी काटकोनात उभा होता. डिटेक्टरच्या काचेवरून परतलेला उजेड त्याच्यावर आपटून पुन्हा आत येत होता. फिल्टर तीन-चार अंश तिरपा केला आणि उंचवटा गेला. आयआरएफमध्येही तोच उंचवटा होता, म्हणून फिट बरा दिसत होता आणि मला महिनाभर पत्ता नव्हता. तिरपं करताना वर सांगितलेली कड सरकण्याची गोष्ट विसरू नका. तीन-चार अंशांना सहसा चालतं, वीसला नाही.

आता वजाबाकी

इथवर आलात तर वजा करण्यासारखं फार उरलेलं नसतं, आणि तसंच असावं.

कोरं द्रावक नमुन्याइतकाच वेळ, त्याच लेसर शक्तीवर, त्याच क्युवेटमध्ये, शक्यतो लगेच आधी किंवा नंतर मोजा. पण नंतर थेट वजा करू नका. शेपटीतला एक खाना घेऊ: नमुन्यात ६०, कोऱ्यात ३०. वजाबाकी ३०. सॉफ्टवेअरला वाटतं या तिसाची चूक ३० चं वर्गमूळ, साडेपाच. खरी चूक ९० चं वर्गमूळ, साडेनऊ. म्हणजे सॉफ्टवेअर शेपटीवर गरजेपेक्षा जास्त विश्वास टाकतं आणि काय-स्क्वेअरला अर्थ राहत नाही. काही खान्यांत उत्तर ऋण येतं, मग ते शून्य केलं जातं, आणि त्यातून एक खोटा लांब लाइफटाइम जन्माला येतो. त्यापेक्षा नमुन्याचे काउंट जसेच्या तसे ठेवा आणि मॉडेलमध्ये भर घाला: एक स्थिर संख्या सपाट पट्टीसाठी, आयआरएफच्या आकाराचा एक घटक सुळक्यासाठी, आणि कोऱ्याचा डिके चमकणाऱ्या द्रावकासाठी, ज्याचा लाइफटाइम आधीच स्वतंत्र फिट करून गोठवलेला असेल. स्थिर संख्या पल्सआधीच्या सपाट भागातून काढून बांधली की फिटला पळवाट राहत नाही. शेपटीत थोडेच काउंट असतील तर लीस्ट स्क्वेअरऐवजी पॉइसनवर आधारलेला मॅक्सिमम लाइकलिहूड फिट घ्या.

आणखी एक खड्डा, यात मी पडलोय. नमुना गडद असेल तर त्यातलं लेसरचं विखुरणं कोऱ्यापेक्षा कमी असतं, कारण रंगद्रव्य लेसर आधीच शोषून घेतं. एक सेंटीमीटर क्युवेटमध्ये ॲब्सॉर्बन्स, म्हणजे शोषणाचं माप, ०.३ असेल तर मध्यावर पोचतो फक्त ७१ टक्के उजेड. पूर्ण कोरं वजा केलंत तर सुळका गरजेपेक्षा जास्त वजा होतो, डिकेच्या सुरुवातीला खळगा पडतो, आणि फिट तिथे ऋण आयामाचा, म्हणजे उणे वाट्याचा, एक जलद घटक बसवतो. ऋण आयाम दिसला की माणूस उत्तेजित अवस्थेतल्या अभिक्रियेची स्वप्नं पाहायला लागतो. ॲब्सॉर्बन्स ०.१ च्या खाली ठेवा, तिथे मध्यावर ८९ टक्के पोचतो. किंवा कोऱ्याला त्या प्रमाणात कमी करून वापरा.

वेळेचाच वापर करून

बॅकग्राउंडचा लाइफटाइम आखूड आणि तुमच्या रंगाचा लांब असेल, तर पहिले काही नॅनोसेकंद सरळ सोडून द्या. पेशींची चमक सरासरी २.५ नॅनोसेकंदांची धरली तर १० नॅनोसेकंदांनंतर ती २ टक्क्यांहून कमी उरते. २० नॅनोसेकंदांचा रंग तोपर्यंत ६१ टक्के शिल्लक असतो. युरोपियमसारख्या लँथनाइड संयुगांचे लाइफटाइम शेकडो मायक्रोसेकंदांचे असतात, तिथे तर गेट उघडायच्या आधी सगळा फ्लुओरोसन्स विझून गेलेला असतो. इतके लांब लाइफटाइम मोजायला लेसर मात्र खूप सावकाश चालवावा लागतो आणि सपाट पट्टी पुन्हा डोकं वर काढते. तेव्हा थंड डिटेक्टर कामी येतो.

फ्लिमच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली लाइफटाइम दाखवणाऱ्या, प्रतिमांत एकेका पिक्सेलला फिट करण्याइतके काउंट नसतात. तिथे मी फेझर आलेख आधी काढतो, ज्यात प्रत्येक पिक्सेलचा डिके एक बिंदू होतो. सपाट बॅकग्राउंडचा बिंदू मूळबिंदूवर, म्हणजे शून्य-शून्यावर पडतो. विखुरलेल्या लेसरचा १ आणि ० वर. एकाच लाइफटाइमचा अर्धवर्तुळावर. मिश्रणाचा बिंदू या टोकांना जोडणाऱ्या रेषेवर येतो. त्यामुळे पिक्सेलांचा ढग अर्धवर्तुळावरून मूळबिंदूकडे ओढलेला दिसला तर दिवे आणि डार्क काउंट, उजवीकडच्या टोकाकडे ओढलेला दिसला तर फिल्टर. फिक्या पिक्सेलांची ओढ जास्त असते, कारण तिथे सिग्नल कमी आणि बॅकग्राउंड तेवढंच. पेशीच्या कडेला लाइफटाइम बदललेला दिसला, तर तो भाग तेजस्वीपणानुसार चाळून पाहा. फक्त फिक्या पिक्सेलांतच बदल असेल तर पेशीच्या कडेला काही घडत नाहीये, तिथे रंग कमी आहे एवढंच.